मांगूरचं बीज आणि गटाचं कर्ज

आज मासळीचं बोलायचंय. ज्यांच्या घरी शेततळं आहे त्यांनी जरा रेडिओजवळ या.

आपल्या उजनीच्या फुगवट्याकाठी मासळीचं काम म्हणजे पुरुषाचं, असं बाहेरचे म्हणतात. पहाटे होडीत वल्हं कुणाच्या हातात असतं, ते आपल्याला ठाऊक आहे. जाळ्यातून चिलापी सोडवायची, रोहू-कटला वेगळा काढायचा, मरळ जिवंत ठेवायची आणि भिगवणच्या लिलावाला वेळेत पोचायचं. शिंगटा सोडवताना तर जीव मुठीत. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही कल्ल्यांमागे काटे असतात. काटा लागला तर जखम साबणाने धुवा, सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा, कळ कमी होते. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. काटा आत मोडला असेल तर घरी सुईने कोरत बसू नका, दवाखान्यात जा. हळद भरून तसंच कामाला लागणाऱ्या खूप आहेत, म्हणून सांगते.

आता मूळ गोष्ट. आमच्या एका गटातल्या वहिनींनी शेततळ्यात मासे सोडायला 30 हजारांचं कर्ज मागितलं. गावात एक बीजवाला आला होता. ‘देशी मांगूर आहे, सहा महिन्यांत किलोचा होतो, खाद्याला खर्च नाही, चिकनच्या दुकानातलं वाया गेलेलं टाका.’ हिशेब इतका गोड होता की अर्ज मीच भरला. बीए झालेली मी, पण मासळीतलं मला काय कळतं?

बैठकीत आमच्या आत्याबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. चाळीस वर्षं पाण्यावर काढलेली बाई. त्या म्हणाल्या, “सहा महिन्यांत किलो? आपला मांगूर एवढ्यात वीतभर होत नाही नीट. हा तो नव्हं.” वहिनींना राग आला. माझं बरं झालेलं बघवत नाही, इथपर्यंत बोलणं गेलं. मी म्हटलं, सही उद्या करू.

दुसऱ्या दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारलं. आत्याबाईंचं खरं निघालं. तो आफ्रिकन मांगूर, त्यालाच थाई मांगूर म्हणतात. केंद्र सरकारने 2000 सालीच त्याच्या पैदाशीला आणि पालनाला बंदी घातली आहे. सापडला तर तळ्यातला सगळा माल नष्ट करतात. कर्जाचा हप्ता मात्र राहतोच.

बंदी का, हेही ऐका. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. पावसात शेततळं भरून वाहिलं की ओढ्यात, ओढ्यातून धरणात. तिथे दुसऱ्या माशांची पिल्लं, अंडी, जे मिळेल ते खातो. एका घराच्या तळ्यातून सुटलेला मासा काठच्या शंभर चुलींवर येतो. आणि चिलापीचं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहेच. तीही बाहेरचीच, 1952 साली भारतात आणलेली. आज तिच्यावर आपली पोटं चालतात, हे खरं. पण एकदा पाण्यात शिरलेला मासा कुणी परत बाहेर काढू शकलं नाही, हेही खरं.

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या रडल्या. बीजवाल्याला 2 हजार आगाऊ दिले होते, ते गटाला सांगितलंच नव्हतं. त्याचा फोन आता लागत नाही. ते पैसे गेले.

गटाने त्यांना नाही म्हणून वाऱ्यावर सोडलं नाही. 12 हजार दिले, बर्फाची पेटी आणि वजनकाटा घ्यायला. त्या आता लिलावातून मासळी उचलून आतल्या गावांत विकतात. उन्हाळ्यात दोन हप्ते थकले, बैठकीत बोलणीही खाल्ली. तळ्यात यंदा रोहू-कटल्याचं बीज टाकलंय. बीज कुठून घेतलं त्याची पावती गटाच्या फाइलला लावली आहे, आणि ते तळ्यात सोडायच्या आधी आत्याबाईंना बोलावून दाखवलं. आत्याबाईंनी मूठभर पाण्यात घेऊन बघितलं आणि म्हणाल्या, “सोडा.” त्या दोघी अजून एकमेकींशी फारसं बोलत नाहीत.