मोकळे अंथरूण, मोकळा श्वास

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात नवजात शिशू विभागाच्या वतीने करण्यात आलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही केलेल्या कामाचा आढावा सादर करतो. आज त्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक आपल्यासमोर मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आपल्या देणगीतून आम्ही अनेक वर्षे घरी जाणाऱ्या गरजू बाळंतिणीला बाळाचा एक संच देत असू. त्यात दुपटी, लंगोट, टोपरे, एक मऊ रजई आणि मोहरीची छोटी उशी असे. पुढे बाळाच्या सुरक्षित झोपेविषयी आम्ही मातांना मार्गदर्शन करू लागलो, तेव्हा घाटकोपरच्या डोंगरावरील वस्तीतून आलेल्या एका आजीबाईंनी विचारले, "उशी तुम्हीच दिलीत, आणि आता तुम्हीच नको म्हणता?" आम्ही निरुत्तर झालो. त्यानंतर संचातून उशी आणि रजई काढून टाकण्यात आली. त्यामागचे कारण आपणा सर्वांना समजावे, यासाठी हा प्रपंच.

पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या मानेत पुरेसे बळ नसते. नाकातोंडावर पांघरूण आले किंवा तोंड मऊ गादीत रुतले, तर ते दूर करणे त्याला जमत नाही. स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत जात राहतो आणि प्राणवायू कमी पडू लागतो. हे सारे निःशब्दपणे घडते. शेजारी निजलेल्या आईलाही चाहूल लागत नाही.

या विषयात चुका मोठमोठ्यांच्याही झाल्या आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पाश्चात्त्य देशांतील नामवंत डॉक्टर बाळाला पोटावर निजवण्याचा सल्ला देत असत. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या घराघरांत पोहोचलेल्या पुस्तकातही तोच सल्ला होता. पुढे न्यूझीलंड, ब्रिटन आदी देशांतील अभ्यासांतून त्यातील धोका उघड झाला. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली बाळाला पाठीवर निजवण्याची मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच झोपेतील अकस्मात बालमृत्यू निम्म्याच्या आसपास वा त्याहूनही खाली आले. त्यासाठी ना औषध लागले, ना यंत्र.

बाळाला पाठीवर निजवणे, आईजवळ ठेवणे, अंगावर पाजणे या रीती आपल्या घरांत जुन्याच आहेत, आणि त्या योग्य आहेत. आईचे दूध हेही झोपेतील धोक्यापासून संरक्षण देते. याच मुंबईत, शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभी राहिली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. घरातल्या माणसांना योग्य ज्ञान दिले तर किती जीव वाचतात, हे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत दाखवून दिले. तेथील नवजात मृत्यूंत झालेली मोठी घट १९९९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मात्र प्रत्येक ठिकाणची अडचण निराळी असते. गडचिरोलीच्या थंडीत बाळाची ऊब राखणे महत्त्वाचे, तर मुंबईच्या उकाड्यात अतिऊब टाळणे महत्त्वाचे. आमच्याकडे येणारी कित्येक कुटुंबे एका खोलीत राहतात. मुलुंड असो वा अंधेरी, रात्री त्याच खोलीत पाच-सहा माणसे निजतात. अशा घरी स्वतंत्र पलंगाचा उपदेश करणे व्यर्थ होय. म्हणून आम्ही एवढेच सांगतो, की आईच्या अंथरुणालगत जमिनीवर बाळासाठी वेगळी सपाट, घट्ट सतरंजी वा पातळ गादी घालावी. वर एक ताणून बसवलेली सुती चादर असावी. उशी, लोड, गोधडी, खेळणी काही नको. गळ्यात काळा दोरा वा माळ नको. घरात टोपरेही काढून ठेवावे. मात्र जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत आणि कमी वजनाच्या बाळांसाठी डॉक्टरांचा सल्ला पाळावा. बाळाच्या मानेला वा छातीला हात लावून पाहावा. घाम असेल तर कपडा कमी करावा.

साडीची झोळी बाळाला रमवण्यापुरती आणि डोळ्यांसमोर असावी. झोप लागताच बाळाला सपाट अंथरुणावर ठेवावे, कारण झोळीत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. सोफ्यावर वा दिवाणावर बाळाला घेऊन झोपी जाऊ नये. बंद खोलीत शेगडी, धुरी, डासांची कॉइल आणि विडी-सिगारेट सर्वथा वर्ज्य समजावी. डासांसाठी नीट ताणलेली मच्छरदाणी उत्तम.

दोन शंका नेहमी येतात. पाठीवर निजल्यास उलटी घशात अडकेल, अशी पहिली. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे बाहेर आलेले दूध सहसा श्वासनलिकेत शिरत नाही. दुसरी शंका डोके चपटे होण्याची. त्यावर उपाय उशी नव्हे. बाळ जागे असताना मोठ्यांच्या नजरेखाली त्याला थोडा वेळ पोटावर ठेवावे. अतिदक्षता विभागात आमच्या परिचारिका काही बाळांना पालथे निजवतात, हे पाहून पालक घरी तसे करू पाहतात. विभागात श्वासावर अखंड यंत्रांचे लक्ष असते. घरी ते नसते. म्हणून घरी पाठीवरच.

देणगीदार बंधुभगिनींनो, आपल्या मायेचा आम्ही अनादर करीत नाही. ती माया वेगळ्या रूपात हवी आहे. रजईऐवजी सुती चादरी द्याव्यात, उशीऐवजी मच्छरदाणी. आणि शक्य झाल्यास, घरोघरी जाऊन अंथरूण पाहून येणाऱ्या परिचारिकेच्या मानधनास हातभार लावावा. त्या आजीबाईंना आम्ही अखेर उत्तर दिले ते असे, "आजी, चुकले होते आमचे." त्यांनी उशी परत आणून दिली. ती आम्ही विभागात जपून ठेवली आहे.