पिस्टन आधी आणा



ईएमईमध्ये मी तीस वर्षं काढली. शेकडो इंजिनं माझ्या सहीने वर्कशॉपबाहेर पडली. पण खरं सांगायचं तर सही माझी असायची, हात हवालदाराचे. हे मला निवृत्तीनंतर कळलं, कुंभकोणमच्या एका लेथ पट्टरैत.

आम्ही तंजावरी मराठे. आप्पांची १९७८ची प्रीमिअर पद्मिनी घरी उभी होती. वालचंद हिराचंदांची कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, त्यामुळे आप्पांना ती माहेरची वाटायची! वय ९१. म्हणाले, "एकदा हिच्यातून स्वामिमलैला ने. मग हवं तर वीक."

गाडी निळा धूर ओकत होती. आधी एका गॅरेजने नुसत्या रिंगा बदलून दिल्या होत्या. दोन महिने बरे गेले, मग पुन्हा तेच. कारण साधं आहे. पद्मिनीचा बोर मुळात ६८ मिलिमीटर. झीज सगळीकडे सारखी होत नाही. वर, जिथे रिंग येऊन उलटी फिरते, तिथे सर्वांत जास्त. आमच्या ब्लॉकमध्ये तिथे ०.२८ निघाली. शिवाय भोक लांबट झालेलं. लांबट भोकात गोल रिंग काय तेल अडवणार?

मी ब्लॉक पट्टरैत नेला आणि हुकूम सोडला, "अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज करून ठेवा, पिस्टन मागवलेत."

मास्टर माझ्याच वयाचे. म्हणाले, "पिस्टन आधी आणा सार. मी पिस्टनला बोर करतो, कागदाला नाही."

पाच आठवडे लागले पिस्टन यायला. तोवर त्यांनी क्रँक घासून पाव मिलिमीटर अंडरसाइज केला. आप्पा रोज विचारायचे, आणि मी रोज चिडायचो.

पिस्टन आले, तेव्हा मायक्रोमीटर मी हातात घेतला. अधिकारी ना! रिंगांच्या लगेच खाली धरून वाचलं: ६८.४१. सैलपणा ०.०५ धरून ६८.४६ करा म्हणालो. मास्टरांनी काही न बोलता पिस्टन उचलला, पिनेशी काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात माप घेतलं: ६८.४५. पिस्टन गोल नसतो, सरळही नसतो. डोकं जास्त तापतं म्हणून वरून बारीक घडवलेला असतो. माझ्या आकड्याने एका शतांशाचीच जागा उरली असती. थंड असताना पिस्टन फिरला असता. तापल्यावर घाटारस्ता नको, कावेरीच्या पुलावरच जाम झाला असता. आप्पा आत बसलेले असताना.

मास्टरांनी चारही पिस्टन मापून ज्याच्या त्याच्या सिलिंडरचा नंबर घातला. बोरिंग थोडं कमीच ठेवून शेवटचे काही शतांश होनिंगने काढले. भिंतीवर तिरप्या बारीक रेघांची जाळी उमटली. तेल तिथेच धरून राहतं. हात लावू का, विचारलं तर म्हणाले, "आधी साबणाने धुवा. होनिंगची धूळ राहिली तर सगळं फुकट." मी, कर्नल, अंगणात ब्लॉक घासत बसलो. पांढरं फडकं काळं होईना, तोवर.

बांधणी घरी केली. पहिल्या सेल्फला नाही, तिसऱ्याला इंजिन बोललं. धूर नाही. आप्पा तिण्णैवर डोळे मिटून ऐकत होते. मी जवळ गेलो. म्हटलं आता पाठ थोपटतील.

"तिसरा टॅपेट वाजतोय," ते म्हणाले.

मी फीलर गेज आणायला आत गेलो. स्वामिमलै दुसऱ्या दिवशी सकाळी.