मशाल कोणाच्या हाती?



१७ एप्रिल २००८ रोजी बीजिंग ऑलिम्पिकची मशाल नवी दिल्लीत फिरली. फिरली म्हणायचे ते उपचारापुरतेच. आधी ठरलेला लांबचा मार्ग रद्द झाला होता. तेव्हाच्या राजपथावर जेमतेम सव्वादोन-अडीच किलोमीटरांचे अंतर उरले होते. पंधरा हजारांहून अधिक पोलीस, निळ्या पोशाखातील चिनी रक्षकांचे कडे, निमंत्रितांखेरीज कोणासही प्रवेश नाही, आणि सुमारे सत्तर धावपटूंनी अर्ध्या तासात उरकलेला सोहळा. जगाच्या बंधुत्वाचे प्रतीक म्हणून मिरवली जाणारी ती ज्योत सामान्य दिल्लीकराने दूरचित्रवाणीवरच पाहिली. त्याच दिवशी राजघाटावरून दुसरी एक मशाल निघाली आणि जंतरमंतरकडे गेली. ती निर्वासित तिबेटी बांधवांची होती. तिच्यामागे हजारो माणसे चालत होती.

मूळ मशाल हाती घेण्याचे निमंत्रण भारतीय फुटबॉल संघाचा तत्कालीन कर्णधार बायचुंग भुतिया यालाही होते. त्याने ते नाकारले. सिक्कीमचा हा बौद्ध तरुण काही राजकीय पुढारी नव्हता. त्याने भाषण केले नाही, मोर्चा काढला नाही. तिबेटी जनतेविषयी आपल्याला सहानुभूती आहे आणि ती व्यक्त करण्याची आपली ही रीत आहे, एवढेच त्याने सांगितले. किरण बेदी यांनीही नकार दिला. ज्यांनी मशाल हाती घेतली त्यांना देशद्रोही ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्या दिवशी धावलेल्या सत्तर जणांतील किती नावे आज आठवतात? न धावलेला भुतिया मात्र स्मरणात आहे.

खेळात राजकारण आणू नये, असे बीजिंगमधून त्या काळात वारंवार सांगितले जात होते. वाक्य सुंदर आहे. पण ही मशालयात्रा मुळात कोठून आली, हे पाहिले की त्याची चमक उतरते. प्राचीन ग्रीसमधील ऑलिम्पिकशी या दौडीचा संबंध नाही. ती प्रथम निघाली १९३६ मध्ये, बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने. कल्पना कार्ल डीम यांची, मशाली क्रुप या शस्त्रे बनविणाऱ्या कारखान्याच्या आणि पाठबळ नाझी राजवटीचे. तीन हजारांहून अधिक धावपटूंनी ती ऑलिंपियाहून ग्रीस, बल्गेरिया, युगोस्लाव्हिया, हंगेरी, ऑस्ट्रिया आणि चेकोस्लोव्हाकियामार्गे जर्मनीत नेली. पुढील पाच वर्षांत यांपैकी चार देश जर्मनीच्या टाचेखाली गेले आणि उरलेले दोन तिच्या गोटात सामील झाले. खेळातील राजकारणाचा उगम शोधायचा तर तो निदर्शकांच्या फलकात नव्हे, यजमानांच्या भव्य व्यासपीठावर सापडतो.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती, हे महाराष्ट्राने विसरू नये. आणि त्याच बर्लिनमध्ये १५ ऑगस्ट १९३६ रोजी, हॉकीच्या अंतिम सामन्यापूर्वी, पोशाख बदलण्याच्या खोलीत एक लहानशी घटना घडली. भारतीय संघ अधिकृतपणे ब्रिटिश ध्वजाखाली खेळत होता. जर्मनीविरुद्धच्या सराव सामन्यात पराभव झालेला असल्यामुळे मनांवर दडपण होते. संघासोबत असलेल्या पंकज गुप्ता यांनी काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला, ध्यानचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला वंदन केले आणि ते मैदानात उतरले. ८-१. ना घोषणा, ना छायाचित्रकार. साम्राज्याच्या ध्वजाखाली खेळणाऱ्या त्या अकरा जणांनी आपला देश कोणता, हे स्वतःपुरते ठरवून टाकले होते.

निषेधाचा दुसरा मार्ग म्हणजे बहिष्कार. त्याची किंमत भारताने १९७४ साली मोजली आहे. विजय आणि आनंद अमृतराज यांच्या संघाने त्या वर्षी पुण्यात सोव्हिएत संघाला हरवून डेव्हिस चषकाची अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती. वर्णभेद हे जिचे राज्यशास्त्र, तिच्याशी खेळायचे नाही, असे भारत सरकारने ठरविले आणि चषक न खेळता दक्षिण आफ्रिकेकडे गेला. त्यानंतर १९८७ मध्ये आणि त्याआधी १९६६ मध्ये भारत अंतिम फेरीत खेळला, पण चषक कधी हाती आला नाही. अमृतराज बंधूंच्या हातातोंडाशी आलेला घास गेला. तरीही तो निर्णय योग्य होता, असेच म्हटले पाहिजे. कारण तो एकट्याचा नव्हता. दक्षिण आफ्रिकेला १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकपासून दूर ठेवण्यात आले होते, १९७० मध्ये ऑलिम्पिक चळवळीतून काढण्यात आले आणि १९९२ मध्येच तिचे पुनरागमन झाले. जग एकवटले आणि दीर्घकाळ एकवटलेले राहिले, म्हणून त्या बहिष्काराला धार आली.

याच्या उलट उदाहरण १९८० च्या मॉस्कोचे. अफगाणिस्तानातील सोव्हिएत सैन्याच्या निषेधार्थ अमेरिकेने बहिष्कार पुकारला, साठांहून अधिक देश आले नाहीत. सोव्हिएत सैन्य काबूलमधून परतले ते १९८९ साली आणि ते परतण्याशी ऑलिम्पिकचा काही संबंध नव्हता. १९८४ मध्ये सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकून उट्टे काढले. दोन्ही वेळा नुकसान झाले ते त्या खेळाडूंचे, ज्यांच्या उमेदीची वर्षे परत येणार नव्हती.

२००८ मध्ये हाच प्रश्न भारतापुढे होता. त्या मार्चमध्ये ल्हासात तिबेटी जनता रस्त्यावर आली आणि दडपली गेली. लंडन, पॅरिस, सॅन फ्रान्सिस्को येथे मशालीला निदर्शकांनी अडविले. पॅरिसमध्ये तर ती विझवून बसमध्ये ठेवावी लागली. बीजिंगवर बहिष्कार टाका, अशी मागणी येथेही झाली. पण ज्यांच्या देशासाठी हे चालले होते ते परमपूज्य दलाई लामा स्वतः बहिष्काराच्या विरोधात होते. चीनला यजमानपद मिळावे, असेच ते सातत्याने म्हणत आले होते. भारत गेला. ११ ऑगस्ट रोजी अभिनव बिंद्राने नेमबाजीत भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले आणि बीजिंगमध्ये जन गण मन वाजले. भुतियाचा नकार आणि बिंद्राचे सुवर्ण यांत विरोध शोधण्याची काही गरज नाही. एकाने यजमानाच्या प्रचाराचे साधन होण्याचे नाकारले, दुसऱ्याने आपले क्रीडाकौशल्य सिद्ध केले.

आणि यजमानांनी काय केले? जूनमध्ये मशाल ल्हासाला नेली, तेव्हा तेथील पक्षप्रमुखांनी त्याच समारंभात दलाई लामांच्या ‘टोळी’ला चिरडण्याची भाषा केली. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीला याबद्दल खेदाचे पत्र पाठवावे लागले. स्पर्धेच्या काळात निदर्शनांसाठी बीजिंगमधील तीन उद्याने राखून ठेवल्याचे जगाला सांगण्यात आले. अधिकृत आकड्यांप्रमाणे ७७ अर्ज आले. एकालाही अनुमती मिळाली नाही. अर्ज करणाऱ्या सत्तरी ओलांडलेल्या दोन वृद्धांना श्रमाद्वारे पुनर्शिक्षणाची एक वर्षाची शिक्षा फर्मावण्यात आली. उद्याने अर्थातच फुललेली होती.

चौदा वर्षांनी हेच नाट्य अधिक उघडपणे झाले. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकची मशाल ची फाबाओ या सैनिकी अधिकाऱ्याच्या हाती देण्यात आली. १५ जून २०२० रोजी गलवानच्या खोऱ्यात ज्या चकमकीत कर्नल संतोष बाबू यांच्यासह भारताचे वीस जवान हुतात्मा झाले, तीत चीनच्या बाजूने लढलेला हा अधिकारी. खेळात राजकारण नको म्हणणाऱ्यांची ही निवड! भारताने त्या वेळी दिलेले उत्तर विचारपूर्वक होते. बीजिंगमधील भारताचे प्रभारी राजदूत उद्घाटनाला आणि समारोपाला गेले नाहीत, दूरदर्शनने ते सोहळे दाखविले नाहीत. मात्र काश्मीरचा आरिफ खान, भारताचा एकमेव खेळाडू, तिरंगा घेऊन संचलनात चालला आणि बर्फावर उतरला. बहिष्कार मुत्सद्द्यांनी केला. खेळाडूला त्याची झळ लागू दिली नाही.

मात्र अरुणाचल प्रदेशाच्या बाबतीत हे सूत्र अपुरे पडते, कारण तेथे खेळाडूच लक्ष्य असतो. चीन अरुणाचलला आपला भूभाग म्हणवतो आणि म्हणून तेथील भारतीय नागरिकांच्या पारपत्रावर रीतसर व्हिसा न देता सुटा कागद टाचून देतो. तो कागद स्वीकारणे म्हणजे आपले भारतीयत्व वादग्रस्त असल्याची कबुली देणे. २०१३ मध्ये जागतिक युवा तिरंदाजी स्पर्धेसाठी निघालेल्या दोन अरुणाचली मुलींना याच कारणाने थांबावे लागले. जुलै २०२३ मध्ये चेंगडूच्या विद्यापीठ क्रीडा स्पर्धेसाठी वुशू संघातील तीन अरुणाचली खेळाडूंना असेच टाचलेले व्हिसा मिळाले. तेव्हा भारताने संपूर्ण वुशू संघच रोखला. तिघींसाठी सगळे थांबले.

दोन महिन्यांनी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा आल्या. न्येमान वांगसू, ओनिलू तेगा आणि मेपुंग लामगू या त्याच तिघी. संयोजकांनी त्यांना मान्यता दिली होती, पण प्रवेशाचा परवाना ठरणारे अधिस्वीकृतीपत्र त्यांना उपलब्ध झाले नाही. भारताने तीव्र निषेध नोंदविला, क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी दौरा रद्द केला. बाकीचा संघ मात्र या वेळी गेला. मणिपूरच्या रोशिबिना देवीने रौप्यपदक जिंकले. तिचे स्वतःचे राज्य तेव्हा हिंसाचारात होरपळत होते. तिने ते पदक मागे राहिलेल्या आपल्या अरुणाचली मैत्रिणीला अर्पण केले.

चेंगडूचा मार्ग बरोबर की हांगझोऊचा? पहिल्यात एकजूट होती, पण कष्ट करून पात्र ठरलेल्या सगळ्यांची संधी गेली आणि यजमानाला काहीच गमवावे लागले नाही. दुसऱ्यात भारताने १०७ पदके मिळविली, विक्रम झाला, आणि त्या जल्लोषात तीन मुली मायदेशी बसून राहिल्या. दोन्ही मार्ग अपुरे आहेत. कारण दोन्हींत शिक्षा भोगणारे भारतीयच आहेत.

खरा प्रश्न आशियाई ऑलिम्पिक परिषदेला विचारायला हवा होता. आंतरराष्ट्रीय क्रीडासंस्थांना अशा वेळी काय करता येते, हे भारताला अनुभवाने ठाऊक आहे. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामात चाळीस जवान हुतात्मा झाले. त्यानंतर काही दिवसांतच दिल्लीत नेमबाजीची विश्वचषक स्पर्धा होती आणि पाकिस्तानच्या दोन नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. देशाच्या मनातील क्षोभ पाहता ते समजण्यासारखे होते. पण आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने तत्काळ त्या प्रकारातील ऑलिम्पिक पात्रतेच्या जागा रद्द केल्या आणि भारताशी भावी स्पर्धांच्या यजमानपदाची बोलणी थांबविली. त्या वर्षीच्या जूनमध्ये सर्व पात्र खेळाडूंना प्रवेश देण्याची लेखी हमी सरकारने दिली, तेव्हाच ती पुन्हा सुरू झाली. दोन नेमबाजांसाठी एवढे झाले. तीन वुशूपटूंसाठी काय झाले? स्पर्धा ठरल्याप्रमाणे सुरू झाली आणि ठरल्याप्रमाणे संपली.

ही तफावत दाखवून देण्याचा अधिकार भारताला आहे, आणि तो त्या लेखी हमीमुळेच आहे, हे काहींना कडू वाटेल. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पाकिस्तानशी द्विपक्षीय खेळ बंद ठेवतानाच, भारतात होणाऱ्या बहुदेशीय स्पर्धांत त्यांच्या खेळाडूंना येऊ देण्याचे धोरण जाहीर केले. त्यामागेही हाच हिशेब आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अहमदाबादला २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचे यजमानपद मिळाले. २०३६ च्या ऑलिम्पिकसाठीही भारताने २०२४ मध्येच इच्छापत्र दिले आहे. जो स्वतः नियम पाळतो, त्यालाच तो दुसऱ्यावर लादण्याची मागणी करता येते. यजमानपदाच्या करारात, कोणत्याही पात्र खेळाडूला त्याच्या देशाच्या पारपत्रावर रीतसर प्रवेश मिळाला नाही तर त्या क्रीडाप्रकाराची पदकेच दिली जाणार नाहीत, अशी अट भारताने आशियाई परिषदेत का मांडू नये? वुशू हा चीनचा लाडका खेळ. हांगझोऊमध्ये ही अट असती, तर अधिस्वीकृतीपत्रे कदाचित एका रात्रीत मिळाली असती.

वुशूला ऑलिम्पिकच्या पदकतालिकेत अद्याप स्थान मिळालेले नाही. त्या तिघींसाठी आशियाई स्पर्धा हेच बहुदेशीय स्पर्धांचे सर्वोच्च शिखर आहे, आणि त्या चार वर्षांतून एकदाच येतात.