खिडकीतला कप

आपल्या नाशिकजवळ जलालपूर आहे. लक्ष्मीबाई टिळक तिथल्या. जन्म १८६८ चा. वडिलांचे सोवळे एवढे कडक, की बाजारचे मीठसुद्धा धुवून घ्यायचे! त्याच घरच्या या मुलीने पुढे शिवाशिव टाकली. १९०० साली बाप्तिस्मा घेतला, पण शिवाशिव त्याआधीच टाकली होती.

आम्ही तर जन्माचे ख्रिस्ती. रविवारी देवळात पहिल्या बाकावर. तरी झाडूवाल्या बाईंचा कप वेगळा. कान तुटलेला, खिडकीत पालथा.

नातीने विचारले, "आजोबा, हा कुणाचा?"

काय सांगणार? आम्ही गप्प.

दुसऱ्या दिवशी बाईंना आमच्याच कपातून चहा दिला.

"गुरुजी, कप चुकला तुमचा."

"चुकला नाही, बाई."

त्या उभ्यानेच पिऊ लागल्या. आम्ही स्टूल पुढे सरकवले.