एका घरात दोन चुली



पेडणे तालुक्यातील माझे एक स्नेही निवृत्त शिक्षक आहेत. त्यांच्याकडे दहा वर्षांचा जुना, मेजावर ठेवावयाचा संगणक आहे. गावच्या दशावतारी नाटकांची छायाचित्रे, भजनी सप्ताहाची ध्वनिमुद्रणे आणि घरच्या जमिनीचे एक-चौदाचे उतारे असा त्यांचा सारा ठेवा त्या यंत्रात आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नेहमीचे साहाय्य मायक्रोसॉफ्टने थांबविले, आणि विंडोज ११ च्या अटींत हे यंत्र बसेना. चालते यंत्र भंगारात टाकण्यास मन घेईना, तेव्हा लिनक्स ही दुसरी कार्यप्रणाली त्यावर बसवावी असे त्यांनी ठरविले आणि मला विचारले, "त्यासाठी डिस्क कोणती घेऊ?"

प्रश्न दुकानातला वाटतो. वस्तुतः तो घरातला आहे. एका घरात दोन चुली मांडावयाच्या, त्या एकाच खोलीत की वेगवेगळ्या, हे आधी ठरले पाहिजे. जुन्याच डिस्कचे दोन भाग पाडता येतात. त्याला खर्च नाही. पण धोका आहे. डिचोलीच्या माझ्या एका नातलगांनी असेच करताना "संपूर्ण डिस्क पुसून टाका" या पर्यायावर बोट ठेवले आणि मुलीच्या लग्नाची सारी छायाचित्रे क्षणात गेली. आपल्या गोव्यात वाटणीपूर्वी इन्व्हेंटरी करण्याची रीत आहे. काय काय आहे याची नोंद झाल्यावाचून वाटणी होत नाही. डिस्कच्या बाबतीतही आधी सर्व ठेव्याची नक्कल बाहेर काढावी, मगच यंत्राला हात लावावा.

म्हणून माझे मत असे की, दुसऱ्या प्रणालीला स्वतंत्र डिस्क द्यावी. आता ती कोणत्या जातीची? फिरत्या तबकडीच्या डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएमच्या त्या पहिल्या यंत्रात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांत सुमारे ५० लाख अक्षरे मावत. तबकडी लहान झाली, तरी तिचा मूळ स्वभाव बदलला नाही. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कवर हवा तो मजकूर सुईखाली येण्यास सरासरी साडेपाच सहस्रांश सेकंद वाट पाहावी लागते. सुई जागेवर सरकण्याचा वेळ आणखी निराळा. कार्यप्रणाली तर सुरू होताना हजारो लहान लहान फायली उघडते. एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, आणि तिथे ही वाट सुमारे एक दशांश सहस्रांश सेकंदाची असते. जुन्या यंत्राला नवे पाय फुटल्यासारखे वाटतात ते यामुळेच.

आकाराचा मोह धरू नये. उबुंटूसारख्या लिनक्सला २५ जीबी जागा पुरेशी सांगितली जाते. स्वतःच्या कामासह २४० किंवा २५० जीबीची एसएसडी पुष्कळ झाली. मात्र विकत घेण्यापूर्वी यंत्र उघडून पाहावे. एनव्हीएमई जातीची डिस्क अधिक वेगवान खरी. पण जुन्या अनेक यंत्रांत तिची खाच नसते, आणि असली तरी तिच्यावरून यंत्र सुरू होईलच असे नाही. तिथे साटा जोडणीची अडीच इंची एसएसडीच योग्य. लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कला जागा नसेल, तर यूएसबी ३ ला जोडावयाची बाहेरची एसएसडी चालते. फार थोड्या पैशांत अनेक टीबी देऊ करणाऱ्या अनोळखी डिस्कपासून दूर राहावे. त्यांतील पुष्कळशा आपली क्षमता खोटीच सांगतात.

जुन्या फिरत्या डिस्कला मात्र कमी लेखू नका. एसएसडी दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिली, तर तिच्यातील मजकूर विरण्याचा संभव असतो. कपाटात ठेवावयाच्या नकलेसाठी फिरती डिस्कच बरी, आणि ती स्वस्तही पडते. आपल्याकडचा दमट पावसाळा ध्यानात घेऊन ती कोरड्या, बंद डब्यात ठेवावी. पावसाळ्यात वीज अवचित जाते, म्हणून प्रणाली बसविताना यंत्राला यूपीएसचा आधार असावा.

आमच्या मास्तरांनी साटा एसएसडी आणली. लिनक्स बसवीपर्यंत जुन्या डिस्कची वायर काढून ठेवली. त्यामुळे चुकीला वावच उरला नाही. मग वायर पुन्हा जोडली. आता यंत्र सुरू करताना कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे ते निवडता येते. जुने विंडोज त्यांनी इंटरनेटपासून तोडले असून जुन्या कामापुरतेच ते वापरतात. लिनक्सचा पडदा मराठीत आहे. ठेव्याची एक नक्कल डिचोलीला लेकीच्या घरी पोहोचली आहे.

आपणही डिस्क घेण्यास बाजारात जाल, तेव्हा किंमत विचारण्यापूर्वी एवढे मनाशी ठरवून जा: घरातला जुना ठेवा पुसला गेला, तर तो परत कोठून आणणार? त्याचे उत्तर हाती असेल, तर दुसरी चूल निर्धास्तपणे पेटवावी.