पावसाळ्यातले बाली बेट
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकी कोणीतरी आपल्या प्रवासाची हकीकत सांगावी, अशी आपल्या मंडळाची प्रथा आहे. काशीयात्रा झाली, नर्मदा परिक्रमा झाली, युरोपची सहलसुद्धा झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला उभे केले आहे ते आमच्या बालीच्या प्रवासाबद्दल. मार्च २०२३ मध्ये आम्ही दोघे तीन आठवडे त्या बेटावर हिंडलो. सहल कंपनी नाही, बरोबर कोणी ओळखीचे नाही. पाठीवर एकेक सॅक, आणि तेही तिथल्या पावसाळ्यात.

मार्चमध्ये कसला पावसाळा, असे पुष्कळजणींनी मला विचारले. बाली हे इंडोनेशियातले एक बेट, विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ८ अंशांवर. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तिथे वायव्येकडचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात. तो त्यांचा पावसाळा. पुढे ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या भूमीकडून वारे वाहू लागतात आणि पाऊस थांबतो. म्हणजे आपण पापड-कुरडया वाळत घालतो, तेव्हा तिथे छत्री लागते. मात्र पाऊस आपल्या कोकणासारखा आठ-आठ दिवस धरून बसत नाही. सकाळ बहुधा उघडी असते, दुपारी आभाळ भरून येते आणि तास-दोन तास असा कोसळतो की समोरचे घर दिसू नये.

या दिवसांत जाण्याचे पहिले कारण पैशांचे. गर्दी कमी, म्हणून खोल्यांचे भाडे कमी. आम्ही पेन्शनर माणसे. हंगामाच्या दिवसांतले दर आम्हांला झेपले नसते. दुसरे कारण जरा घरगुती आहे, पण आपल्यात बोलायला हरकत नाही. हे सेवानिवृत्त झाले आणि मुलाचा आग्रह सुरू झाला, की इथले घर विकून पुण्याला कायमचे राहायला या. नातू लहान, सून नोकरी करणारी. त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. ह्यांचा कल तिकडे होता. माझा पाय इथून निघत नव्हता. पण विषय निघाला की कोणाचा तरी फोन येई, नाहीतर कुकरची शिटी होई, आणि बोलणे तिथेच राही. मी म्हटले, तीन आठवडे कुठेतरी जाऊ, जिथे कुकर नाही.

आता सामानाचे सांगते. प्रत्येकी ७ किलोंवर काही घ्यायचे नाही, असे ठरवले. लवकर वाळणारे तीन पंजाबी पोशाख, एक सुती साडी, रेनकोट, घसरणार नाहीत असे सँडल, औषधे, डासांचे मलम, आणि कपडे कोरडे ठेवायला प्लास्टिकच्या जाड पिशव्या. मेतकूट आणि भाजके पोहे घेतले हे सांगायला नकोच. आजवर आम्हां बायकांनी सगळ्या घरादाराचे सामान भरायचे आणि विसरलेल्या वस्तूचा बोलही आपणच घ्यायचा. या वेळी ह्यांनी आपली सॅक आपण भरली. तिच्यात टॉवेल नव्हता. तो त्यांनी तिथे विकत घेतला, आणि मी एक अक्षर बोलले नाही!

आम्ही क्वालालंपूरवरून गेलो. विमानतळावरच ५ लाख रुपिया भरून ३० दिवसांचा परवाना मिळाला. ५ लाख ऐकून घाबरू नका. तेव्हाच्या हिशेबाने ते सुमारे २,७०० रुपये होत. उतरण्याच्या ठिकाणी विचारले, "सुआमी, इस्त्री?" त्यांच्या भाषेत नवऱ्याला सुआमी म्हणतात, म्हणजे आपला स्वामी, आणि बायकोला इस्त्री, म्हणजे स्त्री. भाषेलाही ते 'बहासा'च म्हणतात. हे दिवसभर स्वामी म्हणून मिरवत होते. कपडे मात्र दोघांनी आपापले धुतले, आणि पावसात ते दोन-दोन दिवस वाळले नाहीत.

आम्ही हॉटेलात न राहता उबुद गावी एका कुटुंबाच्या आवारात खोली घेतली. बालीतले घर म्हणजे एका कुंपणात वेगवेगळे चौथरे आणि खोल्या. देवांची जागा डोंगराच्या आणि उगवतीच्या बाजूला. बेटाच्या दक्षिण भागात ती ईशान्येलाच येते. मला आपल्या देवघराची आठवण झाली. २०२० च्या जनगणनेप्रमाणे बेटाची वस्ती सुमारे ४३ लाख, आणि त्यातले बहुसंख्य लोक हिंदू. मुलांची नावेही क्रमाने ठेवतात: पहिले वायान, दुसरे मादे, तिसरे न्योमान, चौथे केतुत, आणि पाचव्याला पुन्हा वायान. हाक मारली की निम्मी गल्ली वळून पाहते.

घरमालकीण रोज सकाळी झावळीच्या पानांचे चौकोनी द्रोण करून त्यांत फुले मांडी. पूर्वेला पांढरी, दक्षिणेला तांबडी, पश्चिमेला पिवळी, उत्तरेला निळी किंवा हिरवी. फुलांच्या खाली विड्याचे पान, चुना आणि सुपारी. याला 'चनांग सारी' म्हणतात. उंबऱ्यावर, विहिरीशी, दुकानाच्या दारात, इतकेच काय पण मोटारीवरसुद्धा तो ठेवतात. भात शिजला की कोणी जेवण्याआधी केळीच्या पानाच्या तुकड्यांवर चिमूट-चिमूट भात ठेवायचा, आपल्या चित्राहुतीसारखाच. पावसात फुले वाहून जातात. तिला खुणेने विचारले, मग कशाला ठेवतेस? ती हसली आणि म्हणाली, उद्या पुन्हा ठेवायचे.

पण मैत्रिणींनो, सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. ही सगळी मांडामांड बायकाच करतात. सणाच्या आधी दिवसचे दिवस त्यातच जातात. शिवाय शेती, दुकान आणि पाहुण्यांच्या खोल्या आहेतच. बांधकामावर डोक्यावरून वाळू-विटा वाहणाऱ्या बायकाही मी पाहिल्या. आणि एवढे करून रूढीप्रमाणे वडिलांचे घर जाते ते मुलाकडे. हे ऐकून मला काही परदेशात आल्यासारखे वाटले नाही.

या प्रवासात सर्वांत शिकण्यासारखे काही असेल, तर ते तिथले पाणीवाटप. पश्चिमेकडे जातिलुविह नावाच्या गावी डोंगर उतरत गेलेली भाताची खाचरे आहेत. पावसाळ्यात गेल्यामुळे आम्हांला ती पाण्याने भरलेली पाहायला मिळाली. एकाच कालव्यावरच्या शेतकऱ्यांची जी संस्था असते तिला 'सुबक' म्हणतात. प्रत्येक सुबकाचे देऊळ असते. लाकडी बांधाला खाचा पाडून ज्याचा जेवढा हिस्सा तेवढेच पाणी पुढे सोडतात. डोंगरावरच्या बातूर सरोवराची देवी ही पाण्याची स्वामिनी मानली जाते. युनेस्कोने २०१२ मध्ये या व्यवस्थेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर फड पद्धत होती, तिच्याच जातकुळीची ही गोष्ट.

आता यातली खुबी ऐका. वरच्या अंगाच्या शेतकऱ्याला पाण्याची फिकीर नसते. पाणी आधी त्याच्याकडेच येते. मग त्याने खालच्याचे का ऐकावे? कारण त्याला भीती असते ती उंदरांची आणि किडीची. सर्वांनी एकाच वेळी पीक घेतले आणि एकाच वेळी शेत मोकळे ठेवले, तर किडीला खायला राहत नाही. उलट सर्वांनी एकाच दिवशी पाणी मागितले, तर ते पुरत नाही. म्हणून कोणत्या सुबकांनी बरोबर लावणी करायची आणि कोणी मागाहून, हे देवळांच्या सभांत ठरते. १९७० नंतरच्या काळात सरकारने नवे बियाणे दिले आणि ज्याला जेव्हा जमेल तेव्हा, जितकी पिके निघतील तितकी काढा, असे सांगितले. पहिल्यांदा धान्य वाढले. पण पुढे किडीने आणि पाणीटंचाईने पिके बुडू लागली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन अभ्यासकाने देवळांच्या वेळापत्रकाचा संगणकावर हिशेब मांडून दाखवला, की जुनी पद्धत आंधळी नव्हती. वरच्याने थोडे सोडावे, खालच्याने थोडे थांबावे, आणि दोघांनी मिळून वेळ ठरवावी, एवढेच तिचे सार.

पावसाळ्यात जायचे तर काही गोष्टी जपाव्यात. स्कूटरचा मोह टाळावा. ओल्या वळणांवर परक्या माणसाला ते जमत नाही. समुद्र खवळलेला असला तर लहान बोटीने शेजारच्या बेटांवर जाऊ नये. आम्ही तो बेत सोडून दिला. डासांपासून डेंग्यू होतो, म्हणून हातपाय झाकावे. शाकाहारी असाल तर भाजीत कोळंबीची चटणी आहे का ते विचारूनच घ्यावे. टोफू आणि टेंपे हे सोयाबीनचे पदार्थ सगळीकडे मिळतात. आणि कुटाच्या किनाऱ्यावर चित्रातल्यासारखी पांढरी वाळू शोधू नये. पश्चिमेचा वारा आणि भरलेल्या नद्या सगळे प्लास्टिक या दिवसांत किनाऱ्यावर आणून टाकतात. २०१८ च्या अखेरीस तिथल्या राज्यपालांनी प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. तरी कचरा काही संपलेला नव्हता. पाहुणे वाढले की पाणीही त्यांच्याकडे वळते आणि भाताची खाचरे विकली जातात, ही चिंता आमच्या घरमालकांनी बोलून दाखवली. पाहुणे आम्हीही होतोच. म्हणून बादलीने अंघोळ केली आणि पाण्याची बाटली घरूनच नेली होती ती भरून वापरली.

आता शेवटची गोष्ट. बालीत आपल्यासारखेच शक वर्ष मोजतात, इसवी सन ७८ पासूनचे. त्यांचा वर्षारंभ 'न्येपी' हा २०२३ साली २२ मार्चला आला, आणि आपला गुढीपाडवाही त्याच दिवशी होता. दोन्हीकडे शके १९४५ लागले. दर वर्षी हे दोन दिवस असे जुळत नाहीत. आदल्या संध्याकाळी त्यांनी राक्षसांच्या प्रचंड प्रतिमा वाजतगाजत गावभर नाचवल्या. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ६ पासून तिसऱ्या दिवशी पहाटे ६ पर्यंत सगळे बेट गप्प! अग्नी नाही, काम नाही, प्रवास नाही, करमणूक नाही. विमानतळ बंद, मोबाइलवरचे इंटरनेट बंद. चौकडीचे काळे-पांढरे वस्त्र नेसलेले गावचे रखवालदार तेवढे रस्त्यावर. दवाखान्याची निकड असेल तरच बाहेर पडायचे.

मी ईशान्येला हात जोडले, दोघांनी ताडगुळाचा खडा तोंडात टाकला, तोच आमचा पाडवा. आदल्या दिवशीचा गार भात आणि फळे खायची. दुपारी पाऊस आला. करण्यासारखे काहीच नव्हते. लग्नाला तेहेतीस वर्षे झाली, पण दोघांनाही काम नाही असा पूर्ण दिवस मला आठवत नाही. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखे झाले. मग ओसरीवर बसल्या-बसल्या हे हळूच म्हणाले, "घराचं तुझ्या मनात काय आहे, ते आज सांगून टाक. मी मध्ये बोलणार नाही." मी सांगितले. हे घर म्हणजे चार भिंती नव्हेत; सासूबाईंचे शेवटचे आजारपण या आळीने माझ्याबरोबर काढले, आणि मंडळाच्या पोळी-भाजी केंद्रात मी पहिल्यांदा स्वतःचे पैसे मिळवले. पुण्यात मी आजी असेन, पण इथे मी मी असते. त्यांनी शब्द पाळला; खरोखरी मध्ये बोलले नाहीत. मग त्यांनी आपले सांगितले. नोकरी संपल्यावर आपला कोणाला उपयोग नाही असे त्यांना वाटत होते. नातवाला त्यांची गरज आहे, एवढाच त्यांना आधार होता. हे मला ठाऊक नव्हते.

रात्री बेटावर एक दिवा नव्हता. ढग फाटले तेव्हा एवढे तारे दिसले, की लहानपणी गच्चीवर झोपत होतो त्या रात्री आठवल्या. त्या अंधारात ह्यांनीच सुबकाचा हिशेब मांडला: "वरच्याने थोडं सोडायचं, खालच्याने थोडं थांबायचं." घर विकायचे नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत, शाळा सुरू होते आणि मुले आजारी पडतात त्या दिवसांत, पुण्याला राहायचे; बाकीचे आठ महिने इथे. मुलगा आधी जरा नाराज झाला. सुनेला मात्र ते लगेच पटले. पावसाळ्यातल्या सभांना मी नसते, याचे कारण हे.

मैत्रिणींनो, प्रत्येकीने बालीला जावे असे माझे म्हणणे नाही. तेवढे पैसे सगळ्यांजवळ नसतात, आणि गुडघेही नसतात. पण वर्षातून एक दिवस चूल बंद, फोन बंद, आणि घरातल्या माणसाला विचारायचे, तुझ्या मनात काय आहे. याला तिकीट लागत नाही. आणि आपल्या आळीत नळाच्या पाण्याच्या वेळेवरून जी भांडणे होतात, त्यांसाठी वरच्या आणि खालच्या घरांची एक सभा मंडळाने बोलवावी, अशी सूचना मी आज मांडते. चिटणीसबाईंनी ती टिपून घ्यावी.