‘मुले कोणाजवळ ठेवलीत?’

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी ह्या दिवशी मी मागच्या बाजूला चुलीपाशी असते. मसालेभात नि जिलबी ह्यांतच माझा वर्धापनदिन जातो. यंदा कार्यकारिणीने सांगितले की तुम्ही बोला. विषयही दिला, ‘स्त्रिया आणि राजकारणातील मोठी पदे’. माझे शिक्षण सातवीपर्यंत. आठवीची शाळा नदीपलीकडे होती, आणि मुलीने नदी ओलांडावी असे घरी कोणाला वाटले नाही. तेव्हा मोठी पदे मी लांबूनच पाहिली. म्हणून मी आपल्या उंबऱ्यापासून सुरुवात करते.

मागच्या नगरपालिका निवडणुकीत एक बाई आमच्या आळीत मते मागायला आल्या. भर दुपारची वेळ. चेहरा उन्हाने लाल झालेला, हातात पत्रकांचा गठ्ठा. मी दार अर्धेच उघडले. त्यांनी नाव सांगितले, चिन्ह सांगितले, आमच्या गटाराविषयी बोलू लागल्या. मी मध्येच विचारले, “मुले कोणाजवळ ठेवलीत?”

त्या जरा थांबल्या. “आईकडे आहेत,” म्हणाल्या. मी पत्रक घेतले आणि दार लोटले. पाणीसुद्धा विचारले नाही.

संध्याकाळी त्यांच्या विरुद्ध उभे असलेले गृहस्थ चार माणसे घेऊन आले. त्यांना तीन लहान मुले आहेत हे मला पक्के ठाऊक होते. धाकटे तर आमच्याच अंगणात खेळायला येते. त्यांना मी खुर्ची दिली, चहा केला. मुलांचे नावसुद्धा काढले नाही.

त्या बाई 19 मतांनी पडल्या. त्यांतले एक मत माझे. आज त्या इथे तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. हे सगळ्यांसमोर सांगू का, असे मी त्यांना आधी विचारले आहे.

त्यानंतर मला चुटपुट लागून राहिली. भाषणासाठी म्हणून वाचनालयातून चार पुस्तके आणली, काही मुलीने शोधून दिले. वाचता वाचता लक्षात आले की माझा प्रश्न काही आमच्या आळीतला नाही. तो फार लांब फिरून आलेला आहे.

आधी नावाची गोष्ट. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक 1951-52 साली झाली. मतदारांच्या याद्या करायला माणसे घरोघर गेली, तेव्हा उत्तरेकडच्या पुष्कळ बायकांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. कोणी अमक्याची आई, कोणी तमक्याची बायको. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते. खरे नाव नसेल तर यादीत घेता येत नाही, असे ठरले, आणि सुमारे 28 लाख बायकांची नावे गळाली. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत इकडची ही गोष्ट. म्हणजे बाई उभी राहायची तर दूरच, मत देणारीच नाहीशी! आपण म्हणू, ते तिकडे. मी परवा आपली हजेरीची वही चाळली. सौ. कुलकर्णी, सौ. पाटील, पुन्हा सौ. पाटील. दोन पाटलीणबाईंपैकी त्या दिवशी कोण आली होती, ते वहीवरून आज कळत नाही.

आता ज्या बायका मोठ्या पदापर्यंत पोचल्या त्यांच्याविषयी. सिलोनच्या, म्हणजे आताच्या श्रीलंकेच्या, सिरिमाओ बंदरनायके 1960 साली पंतप्रधान झाल्या. जगातल्या त्या पहिल्या स्त्री पंतप्रधान. आदल्याच वर्षी त्यांच्या यजमानांचा खून झाला होता. तेही पंतप्रधान होते. सिरिमाओबाईंच्या सभांतून त्यांच्या भाषणांच्या ध्वनिफिती लावीत. बाईंच्या डोळ्यांत पाणी येई, आणि विरोधक त्यांना ‘रडणारी विधवा’ म्हणून हिणवीत. मला वाटते, त्या रडल्या नसत्या तर निगरगट्ट म्हणाले असते.

आपल्याकडे इंदिराबाई 1966 साली पंतप्रधान झाल्या. प्रथम लोकसभेत फारसे बोलत नसत, तर लोहियांनी त्यांना ‘गूंगी गुडिया’ म्हटले. पुढल्याच वर्षी, 1967 च्या प्रचारात, भुवनेश्वरच्या सभेत जमावातून दगड आले. एक नाकावर बसला, हाड मोडले. पदराने रक्त टिपीत त्या बोलत राहिल्या. पुढे त्या कणखर झाल्या तेव्हा लोक कौतुकाने म्हणू लागले की मंत्रिमंडळात पुरुष एकच, आणि तो म्हणजे इंदिराबाई. गंमत पाहा. गप्प बसली तर बाहुली, धीट निघाली तर पुरुष. मधे बाई म्हणून जागाच नाही! त्यांच्या राज्यात आणीबाणी आली, ते मला पटलेले नाही. पण चूक पुरुषाने केली तर ती त्याची एकट्याची राहते, आणि बाईने केली तर ‘बायकांच्या हाती दिले की असेच व्हायचे’, हे मी पारावर ऐकलेले आहे.

गोव्याच्या ताई काकोडकरांचे मला विशेष वाटते. भाऊसाहेब बांदोडकर ऑगस्ट 1973 मध्ये वारले आणि त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री झाल्या. वडिलांची गादी मिळाली, असे म्हणणारे म्हणाले. पण ताई 1967 पासून आमदार होत्या, 1972 नंतर मंत्रीही होत्या, हे त्यांच्या ध्यानात राहिले नाही. 1977 साली त्या स्वतः पक्षाच्या पुढारी म्हणून निवडणुकीला सामोऱ्या गेल्या आणि पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. 1979 पर्यंत होत्या. वडिलांमागून आलेल्या पुरुषाला वारस म्हणतात. मुलगी आली की म्हणतात, तिला मिळाले.

त्याच्याही आधी, 1963 साली, सुचेताबाई कृपलानी उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. देशातल्या पहिल्या. त्या काँग्रेसमध्ये, आणि यजमान आचार्य कृपलानी काँग्रेसच्या विरोधात. आमच्या घरी टीव्हीवर कोणती मालिका लावायची ह्यावर एकमत होत नाही, तिथे ह्यांच्या घरी जेवताना काय बोलणे होत असेल!

पण सगळ्यांत जास्त वेळ मी वाचले ते मृणालताई गोऱ्यांविषयी. वैद्यकीचे शिक्षण सोडून त्या सेवादलाच्या, समाजवादी पक्षाच्या कामात पडल्या. 1958 साली यजमान केशव गोरे गेले, पदरात लहान मुलगी. 1961 साली त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. त्यांच्या गोरेगावात पाणी नव्हते. पाण्यासाठी बायकांना घेऊन त्या इतक्यांदा भांडल्या की ‘पाणीवाली बाई’ हेच नाव पडले. मग 1972 साली महागाईविरुद्ध निरनिराळ्या पक्षांच्या बायका एकत्र आल्या, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, मृणालताई. लाटणी घेऊन, थाळ्या वाजवीत मोर्चे निघाले. लाटणे म्हटले की पुरुषांना विनोद सुचतो. त्या मोर्चाला मात्र मंत्री भीत.

आणीबाणीत मृणालताई आधी भूमिगत होत्या, मग तुरुंगात. 1977 साली लोकसभेला मुंबईतून उभ्या राहिल्या, तेव्हा भिंतीभिंतींवर लिहिले होते, ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’. निकाल तसाच लागला. ह्या घोषणेवर मी पुष्कळ विचार केला. दोन्हीकडे बाईच. पण एकीला नाव मिळाले ते तिने केलेल्या कामावरून. कोणाची कन्या, कोणाची पत्नी, ते कोणी विचारीत बसले नाही. आणि ते काम काय, तर नळाला पाणी आणणे, रॉकेल नि गोडेतेल परवडेल असे करायला लावणे. आपण रोज ज्यासाठी जीव टाकतो तेच. बायकांना राजकारणातले काय कळते, असे म्हणतात. आमच्या आळीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि कोणत्या नळाला धार बारीक येते, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक आहे? मला. ह्यांना विचारून पाहा! (अध्यक्षबाई हसताहेत, त्यांच्याही घरी तेच असणार.)

इतके असून आपल्या राज्याचा हिशोब असा आहे. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला. तेव्हापासून 2024 सालच्या अखेरपर्यंत एकही बाई मुख्यमंत्री झाली नाही. जळगावच्या प्रतिभाताई पाटील 1962 साली आमदार झाल्या, 2007 साली राष्ट्रपती झाल्या; तेव्हाही बाईला ‘पती’ कसे म्हणायचे ह्यावर वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. 2024 च्या निवडणुकीत विधानसभेच्या 288 जागांवर 21 बायका निवडून आल्या. लोकसभा-विधानसभांत बायकांना एकतृतीयांश जागा देणारा कायदा 2023 साली झाला, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेरमांडणी झाल्यावर तो लागू होईल असे त्यात लिहून ठेवले. वाण आधी दाखवायचे, द्यायचे मात्र पुढच्या संक्रांतीला!

गावपातळीवर आपल्याकडे 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तेवढ्याने पुष्कळ बदलले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यातही एक मेख आहे. ज्या बाईंविषयी मी सांगितले त्या राखीव जागेवर उभ्या नव्हत्या, सर्वांसाठी खुल्या असलेल्या जागेवर उभ्या होत्या. लोक त्यांना म्हणत, तुमच्या जागा वेगळ्या ठेवल्या आहेत ना, मग आमची का अडवता? आमची! माझ्या घरीही हेच बोलणे झाले, आणि मी मान डोलावली होती.

1926 साली मद्रास प्रांतात कमलादेवी चट्टोपाध्याय कायदेमंडळाला उभ्या राहिल्या. त्यापूर्वी बाईला उभे राहण्याची परवानगीच नव्हती. त्या अगदी थोडक्या मतांनी पडल्या. त्यांच्या गावातही माझ्यासारखी कोणी दार अर्धे उघडणारी होती का, कोण जाणे.

त्या आपल्या बाई ह्या खेपेस पुन्हा उभ्या राहणार आहेत, त्याच खुल्या जागेवर. मंडळ कोणत्याही पक्षाचे नाही आणि ते तसेच राहावे. मी बोलते ते माझ्यापुरते. मी त्यांना सांगितले आहे की आमच्या आळीतली घरे मी तुमच्याबरोबर फिरेन. ह्यांना अजून ते फारसे आवडलेले नाही. सासूबाईंनी विचारले, “मग संध्याकाळचा स्वयंपाक?” मी म्हटले, कणीक मळून ठेवून जाईन.

सोमवारी चार वाजता निघायचे आहे, नळाला पाणी यायच्या आधी. त्यांची मुले तेवढा वेळ आमच्याकडे राहतील. धाकटीला गुळाची पोळी आवडते, एवढे मी विचारून घेतले आहे.